नऊ मिलिमीटरचा फरक

रागिणी आणि प्राजक्ता जुळ्या आहेत असं सांगितलं की समोरचा माणूस आधी एकीकडे बघायचा, मग दुसरीकडे, आणि मग उगाच मान डोलवायचा. पटलेलं नाही हे लगेच कळायचं.

दोघींची उंची एक, बांधा एक, कपाळ एक, भुवयांची वळणंसुद्धा एक. आवाज तर इतका सारखा की फोन आला की त्यांचे वडील गजेंद्र आधी विचारायचे, "कोन बोलून राहिली?" पण नाकाच्या खाली दोघी वेगळ्या झाल्या होत्या. प्राजक्ताचे दात ओळीत होते. रागिणीचे वरचे पुढचे दात बाहेर आलेले, इतके की ओठ आपोआप मिटायचे नाहीत. जोर लावून मिटवले तर हनुवटीवर बारीक बारीक खड्डे पडायचे. चांदूर बाजारजवळच्या त्यांच्या गावात घरोघरी संत्र्याची बाग, त्यामुळे शाळेतल्या पोरांना नाव शोधायला वेळ लागला नाही. दातांत संत्र्याची फोड धरल्यासारखं दिसतं म्हणून त्यांनी रागिणीला 'संत्री' म्हणायला सुरुवात केली आणि दहावीपर्यंत ते नाव तिच्यामागे राहिलं.

रागिणी त्यावर रडत बसणारी नव्हती. एकदोघांना तिने शाळेच्या नळावर भिजवून काढलं आणि आपल्यापुरता विषय संपवला. पण एक गोष्ट तिला कधी कळली नाही. प्राजक्ता आणि आपण एकाच पोटातून एकाच दिवशी आलो, मग हे असं कसं?

बारावीनंतर रागिणीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि ती चंदामावशीकडे राहायला गेली. प्राजक्ता अमरावतीला फार्मसीला गेली. पहिल्याच वर्षी अनुवंशशास्त्राच्या तासाला सर जुळ्यांबद्दल सांगत होते. एका बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये सगळे गुण सारखे उतरतात, असं ते म्हणाले आणि रागिणीचा हात वर गेला.

"सर, मंग दात?"

वर्ग हसला. सरही हसले, पण प्रश्न त्यांनी उडवून लावला नाही. थोडा विचार करून म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार. दातांच्या डॉक्टरला विचार."

तिने ते मनावर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीआधी प्राजक्ता अकोल्याला आली तेव्हा रागिणी तिला घेऊन जठारपेठेतल्या एका दवाखान्यात गेली. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर जुईली तिथे बसत. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलायची सवय असलेल्या.

"काय त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

"त्रास नाही मॅडम. मले इचारायचं आहे. आमी दोघी जुळ्या आहो. मंग माहे दात असे काहून?"

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. आधी दात पाहिलेच नाहीत, कान पाहिले. कानाची पाळी, आतली वळणं, मागचा भाग. मग म्हणाल्या, "एकाच बीजाच्या असाल असं वाटतंय. कान अगदी सारखे आहेत. खात्री करायची तर रक्ताची तपासणी लागेल, पण माझी पैज आहे."

मग त्यांनी रागिणीला खुर्चीत बसवलं, दात एकमेकांवर टेकवायला सांगितले आणि एका बारीक स्टीलच्या पट्टीने वरच्या आणि खालच्या दातांतलं अंतर मोजलं. नऊ मिलिमीटर. प्राजक्ताचं मोजलं, ते भरलं दोन.

"अंगठा चोखायचीस?"

रागिणीने प्राजक्ताकडे पाहिलं. "हाव. नऊ वर्षांची होतपर्यंत."

"आणि ही?"

"मी नाही," प्राजक्ता म्हणाली.

"मग हेच असणार. अंगठा रोज काही तास दातांना मागून ढकलतो, वर्षानुवर्षं. गालाचे स्नायू बाजूनं दाबतात. हाड लहानपणी ओल्या मातीसारखं असतं. तुम्हा दोघींना चेहरा एकच मिळाला होता. तुझ्यावर अंगठ्यानं काम केलं."

हे रागिणीला अपेक्षित नव्हतं. जन्मतःच काहीतरी चुकलं असेल असं ती धरून चालली होती.

"पण मग मीच काहून? हिनं काहून नाही चोखला?"

"ते एक्स-रेत दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरी विचार. कधी सुरू झालं, कशानं सुरू झालं. आयांना आठवतं."

उठता उठता रागिणीने तो प्रश्न विचारला जो खरं तर तिने ठरवला नव्हता. "आता तारा लावल्या तं मी हिच्यासारखी दिसन का?"

डॉक्टरांनी पुन्हा दोघींकडे पाहिलं, या वेळी बराच वेळ. "दात किती मागे येतील ते मी मिलिमीटरमध्ये सांगू शकते. ओठ त्यांच्यामागे किती येईल ते ओठ ठरवतो. हनुवटी जिथं आहे तिथंच राहील, तुझी वाढ झालेली आहे. पण ओठ मिटवायला जोर लागला नाही तर हनुवटीवरचे खड्डे जातील. एकूण चेहरा कसा होईल?" त्या हसल्या. "इतर पेशंटना मी सांगते की माहीत नाही. तुझ्या बाबतीत तर नमुना समोर बसलाय. तरीही माहीत नाही. मलाही बघायचंय."

ते 'मलाही बघायचंय' रागिणीला आवडलं. तिने होकार दिला.

गजेंद्र फोनवर एवढंच म्हणाले, "दुखते का लय?" आणि मग, "बरं, कर." आई, मंजुषा, फोन त्यांच्या हातात देऊन आत गेली होती, हे रागिणीला नंतर सुट्टीला घरी गेलेल्या प्राजक्ताकडून कळलं.

वरच्या सुळ्यांच्या मागचा एकेक दात काढला, जागा करण्यासाठी. मग तारा बसल्या. रागिणीच्या दातांची प्लास्टरची प्रतिकृती झाली, तिच्या डोक्याचा बाजूने एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी प्राजक्ताच्या दातांचंही माप मागितलं, तुलनेसाठी, पण एक्स-रे काढला नाही. "गरज नसताना कशाला," त्या म्हणाल्या. प्राजक्ता दातांचा साचा घ्यायच्या गुलाबी मसाल्याने भरलेलं तोंड घेऊन तीन मिनिटं बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "तुह्या नादानं मले हे खावं लागलं."

पहिले पंधरा दिवस रागिणीने ज्वारीची भाकर वरणात इतकी भिजवून खाल्ली की चंदामावशी म्हणायची, "आता पिऊनच टाक वं." गालाला आतून फोड आले. महिन्यातून एकदा तार घट्ट व्हायची आणि दोन दिवस दात हलल्यासारखे वाटायचे. ते खरंच हलत होते हे तिला फार गमतीचं वाटे. हाडात रोवलेली गोष्ट हाडातून सरकते, मागचं हाड विरघळतं आणि पुढे नवीन भरतं, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा ती खुर्चीतून उठायलाच तयार नव्हती. "मंग झाडाच्या मुळाले असं सरकवता येते का?" तिने विचारलं. मागे दोन पेशंट खोळंबले होते.

त्याच काळात प्राजक्ताला तिचा उपद्रव सुरू झाला. रागिणी व्हिडिओ कॉल करायची आणि बोलायचं सोडून बघत बसायची.

"जराशी बाजूले फिर."

"काहून?"

"फिर ना. आता हास. नाही, तसं नाही, खरं हास."

"माह्या तोंडाकडे काय पाहून राहिली तू सारखी?"

"मले काय होनार आहे ते पाहून राहिली."

आमच्या प्रयोगात एक वाफा खत न घालता ठेवतात, तुलनेसाठी, तो वाफा तू आहेस, असं रागिणीने तिला समजावून सांगितलं. प्राजक्ताने फोन ठेवून दिला. पुढचे चार दिवस तिने फक्त आवाजाचे फोन घेतले.

डॉक्टरांनी सांगितलेलं रागिणी विसरली नव्हती. संक्रांतीला घरी गेली तेव्हा तिने आईला विचारलं, "मी अंगठा कधीपासून चोखत होती?"

"लहानी पोरं चोखतातच," मंजुषा म्हणाली. "कडुनिंब लावला, फडकं बांधलं, तू ऐकली नाही." आणि ती तीळ पाखडायला अंगणात गेली. तीळ आधीच पाखडलेले होते.

सांगितलं ते चंदामावशीने, महिन्याभराने, अकोल्याला. दोघी गच्चीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. रागिणीने सहज विचारलं आणि मावशीने मान वर न करता सहज सांगितलं, जणू ते सगळ्यांना माहीतच होतं.

"प्राजू लय बिमार झाली होती ना. तुमी दोघी पावनेदोन वर्षांच्या होत्या. छातीत कफ भरला. अमरावतीले दवाखान्यात नेली. तुही आई तिच्याजवळ सव्वीस दिवस राहिली. माहं लग्न व्हायचं होतं, म्हनून तुले सांभाळाले मी गावाले आली होती."

"मंग?"

"मंग काय. दोन दिवस तू फाटकाजवळ उभी राहून रडली. जेवे ना, झोपे ना. माह्याकडे येच ना. तिसऱ्या दिवशी अंगठा तोंडात घातला आन् चूप झाली." मावशीने शेंगेचे दाणे परातीत टाकले. "आमाले वाटलं, बरं झालं बाप्पा, पोट्टी चूप झाली."

"आई आल्यावर?"

"तिनं तुले उचललं. तू अंगठा काही काढला नाही. तसाच तोंडात ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. तुही आई लय रडली होती तवा."

रागिणीने हातातली शेंग सोलली. तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पण त्याच्या आधी दुसरंच काही वाटलं. बरेच दिवस न सुटलेलं गणित सुटल्यावर वाटतं तसं. तिच्या चेहऱ्यात चूक नव्हती. तिच्या चेहऱ्याला तारीख होती. सव्वीस दिवस, फाटक, तिसरा दिवस.

तिने प्राजक्ताला लगेच फोन केला आणि सगळं सांगितलं, आपल्या नेहमीच्या उत्साहात.

"ऐकून राहिली ना?"

"हाव."

"मंग बोल ना."

"म्हनजे माह्यानं झालं ते," प्राजक्ता म्हणाली.

रागिणीला आता कुठे लक्षात आलं की ही गोष्ट दोघींना सारखी ऐकू येणार नाही. "तुह्यानं काहून? न्यूमोनियानं झालं. तू पावनेदोन वर्षांची होती, तू काय मुद्दाम बिमार पडली का?"

"शाळेत तुले संत्री म्हनायचे तवा मी कधी काही बोलली नाही," प्राजक्ता म्हणाली. "मी पोरींमधी उभी राहून ऐकायची. एकदोनदा हसली पन."

हे रागिणीला माहीत नव्हतं. ती गच्चीच्या कठड्यापाशी गेली. मग म्हणाली, "त्याचं मले वाईट वाटलं. न्यूमोनियाचं नाही वाटलं." आणि दोघींनी फोन ठेवला.

त्या शनिवारी रागिणी मूर्तिजापूरमार्गे जाणारी एस.टी. पकडून अमरावतीला आणि तिथून गावी गेली. दुपारी गजेंद्र बागेत होते. मंजुषा एकटी ओसरीत धान्य निवडत बसली होती. रागिणी तिच्यासमोर बसली आणि चंदामावशीने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. मंजुषाचा हात सुपातच थांबला.

"चंदीले काय गरज होती सांगायची."

"मीच इचारलं आई."

"तुले कसं सांगू मी?" मंजुषा म्हणाली. "डॉक्टर म्हने, हिच्याजवळून हलू नका, काही सांगता येत नाही. मले दोघी होत्या. मले एकच धरता आली. आन् जिले सोडली तिच्या तोंडावर ते एवढ्या वर्सांपासून रोज दिसून राहिलं मले."

आईला असं बोलताना रागिणीने पाहिलं नव्हतं. शेवटी तिने तेच केलं जे तिला येत होतं. तिने विचारलं.

"कोनता अंगठा होता?"

"काय?"

"मी कोनता अंगठा चोखत होती?"

मंजुषाने डोळे पुसले. "डावा."

रागिणीने दोन्ही हात पुढे धरले. दोघी वाकून पाहू लागल्या. डावा अंगठा उजव्यापेक्षा जरासा चपटा होता, नख थोडं रुंद. इतकी वर्षं कोणी लक्षच दिलं नव्हतं. मंजुषाने तो अंगठा बोटांत धरून उलटसुलट केला, दाबून पाहिला आणि रडता रडता हसली. "खरंच वं," ती म्हणाली. "चपटा झाला."

तारा निघायला एकंदर दोन वर्षं लागली. शेवटचे चार महिने वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत रबर लावून फिरावं लागलं, आणि बोलताना ते तुटून समोरच्यावर उडायचं. मूल्यमापनाच्या तोंडी परीक्षेत एकदा ते सरांच्या वहीवर पडलं.

ज्या दिवशी तारा काढल्या त्या दिवशी प्राजक्ताही अकोल्याला आली होती. डॉक्टर जुईलींनी पुन्हा पट्टी लावली. अडीच मिलिमीटर. त्यांनी रागिणीला सरळ समोर बघायला सांगितलं, मग ओठ मिटायला. ओठ मिटले. हनुवटी गुळगुळीत राहिली. रागिणीला आपण काहीच केलं नाही असं वाटलं. इतकी वर्षं ओठ मिटणं हे तिच्यासाठी वजन उचलण्यासारखं काम होतं.

मग डॉक्टरांनी दोघींचे फोटो संगणकावर शेजारी लावले. समोरून दोघी जवळजवळ एक दिसत होत्या. बाजूने पाहिलं तर फरक होता. रागिणीची हनुवटी किंचित मागे, वरचा ओठ थोडा सपाट, नाकाखालचा भाग जरा लांब.

"तोंड सारखं उघडं राहिलं की चेहरा वाढताना थोडा खालच्या दिशेनं जातो," डॉक्टर म्हणाल्या. "तेवढं राहिलं. ते मला बदलता येणार नव्हतं. ही काही तुझ्या बहिणीची नक्कल झालेली नाही. पण तू आली होतीस ते विचारायला, म्हणून सांगते. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त सारख्या दिसता." त्या बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रोज लावायचा रिटेनर जेवताना काढून कागदात गुंडाळू नकोस, मग तो सापडत नाही, असंही त्यांनी जाता जाता बजावलं.

पुढचा आठवडा रागिणीला विचित्र गेला. दुकानाच्या काचेत प्राजक्ता येताना दिसायची आणि ती हात वर करायची. काचेतली प्राजक्ताही हात वर करायची.

जुलैमध्ये ती प्राजक्ताला भेटायला अमरावतीला गेली. प्राजक्ताचं प्रॅक्टिकल चालू होतं म्हणून ती कॉलेजबाहेर रसवंतीपाशी थांबली. तेवढ्यात एका मुलीने मागून तिच्या खांद्यावर हात टाकला.

"प्राजू! अवं, तू बाहेर कशी? मॅडमनं सोडलं का तुले?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला प्राजक्ता समजलं होतं. जुळ्या बहिणी लहानपणी जी गंमत करतात ती दोघींना कधी करता आली नव्हती. रागिणी म्हणाली, "हाव, सोडलं."

ती मुलगी करिश्मा होती, प्राजक्ताची मैत्रीण. तिचं नाव रागिणीने ऐकलं होतं. करिश्मा दहा मिनिटं बोलली. वसतिगृहातल्या खानावळीबद्दल, कोणाच्या तरी साखरपुड्याबद्दल. रागिणी काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष भलतीकडेच होतं. करिश्मा बोलताना तिच्या डोळ्यांत बघत होती. सरळ, सारखं. रागिणीशी बोलणाऱ्या माणसांची नजर नेहमी एक बोटभर खाली असायची. ती खाली जायची, वर यायची, पुन्हा खाली जायची. तिला वाटायचं माणसं बोलताना असंच बघतात. सगळ्यांकडेच असंच बघतात.

मग प्राजक्ता गेटातून बाहेर आली. करिश्माने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि किंचाळली.

संध्याकाळी खोलीवर रागिणीने डोळ्यांची गोष्ट सांगितली. प्राजक्ताने ऐकून घेतली. केस विंचरता विंचरता म्हणाली, "एक सांगू? राग येऊ देऊ नको."

"सांग."

"इतके दिवस हा चेहरा माहा एकटीचा होता. आज तुले तिथं उभी पाहिली तं मले वाटलं माही वस्तू कोनी न इचारता घालून आलं." तिने कंगवा खाली ठेवला. "मले तुह्या दातांचा आनंद झाला. खरंच झाला. पन हे पन वाटलं."

रागिणीला राग आला नाही. हे तिने कधी त्या बाजूने पाहिलंच नव्हतं. "मंग तू पन एकदा घाल माही वस्तू," ती म्हणाली.

ते जमलं सप्टेंबरअखेरीस. विद्यापीठात शिवारफेरी होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकरी येतात, वाफ्यावाफ्यांतून फिरतात, विद्यार्थी माहिती सांगतात. रागिणीची कपाशीच्या प्लॉटवर ड्यूटी होती. प्राजक्ता सकाळच्या गाडीने आली. तिने रागिणीची टोपी घातली, तिचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं, केस तसेच बांधले. रागिणी अवजारांच्या मांडवात एका पेरणीयंत्राआड उभी राहिली.

प्राजक्ता कपाशीच्या दोन ओळींतून चालत गेली. पलीकडच्या टोकाला शिवम आणि सोहम हे रागिणीचे वर्गमित्र शेतकऱ्यांना पत्रकं वाटत होते. करिश्माने रागिणीला जेमतेम एकदोन वेळा फोनवर पाहिलं होतं. हे दोघं तीन वर्षं तिच्यासोबत होते, तारा लागल्या तेव्हापासून निघेपर्यंत.

"पत्रकं उरली का रे?" प्राजक्ता म्हणाली. आवाज तोच.

शिवम तिला ओळींतून येताना पाहतच होता. गठ्ठा पुढे करता करता थांबला. "रागिणी कुठं आहे?"

"म्हनजे? मी..."

"तू तिची बहीण. कुठं आहे ती?"

रागिणी यंत्राआडून धावत आली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि हसण्यापेक्षा उत्तर जास्त हवं होतं. "कसं ओळखलं? दातावरून? हनुवटीवरून? बाजूनं पाहिलं का तू तिले?"

शिवम गोंधळला. त्याने दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. "दात तं सारखेच दिसून राहिले," तो म्हणाला.

"मंग?"

"अरे, ही एवढ्या लांबून कपाशीतून चालत आली, आन् एकबी पान उलटं करून पाहिलं नाही. तू अशी कधी चालते? तुह्यासंगं प्लॉटमधून जायचं म्हनजे दहा मिनिटाले अर्धा तास लागते."

सोहम पत्रकांमागे तोंड लपवून हसला. रागिणीला स्वतःबद्दल हे माहीत नव्हतं. ती विचारात पडली. म्हणजे या दोघांनी तिच्या चेहऱ्यावरून तिला ओळखलंच नव्हतं. मग तारा लागल्या तेव्हा, निघाल्या तेव्हा, त्यांना ती वेगळी दिसली होती की नाही? तिने तसं विचारलंही.

"दिसली असन," शिवम म्हणाला. "आठवत नाही."

शेतकऱ्यांचा एक जथा आला आणि दोघं त्यांच्याकडे वळले. प्राजक्ताने टोपी काढून रागिणीच्या हातात दिली. तिच्या चेहऱ्यावरून बऱ्याच दिवसांचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. ती दोन पावलं मागे गेली, खाली वाकली आणि कपाशीचं एक पान पकडून उलटं केलं. खालच्या बाजूला शिरेला लागून पोपटी रंगाचे, भाताच्या कणीएवढे किडे होते. बोट जवळ जाताच ते तिरके तिरके सरकले.

"हे काय आहे वं?" तिने विचारलं.

"तुडतुडे," रागिणी म्हणाली आणि तिच्या शेजारी वाकली. "थांब, हे पान नको पाहू, याच्या खालचं पाहा."